किनाऱ्यावरचे पक्षी आणि कॅमेरा



ज्या विषयावर आज चार शब्द बोलावयाचे आहेत तो इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. त्यात राजे नाहीत, लढाया नाहीत, तह नाहीत. समुद्राच्या कडेला, खाडीच्या चिखलात आणि नदीच्या वाळवंटात राहणारे पक्षी त्यात आहेत, आणि हातात यंत्र घेऊन त्यांच्याकडे जाणारी माणसे आहेत. मोकळ्या पक्ष्याचे, तो जेथे राहतो तेथेच, त्याच्या नित्यक्रमात छायाचित्र घेण्याची विद्या उणीपुरी एकशे चाळीस वर्षांची आहे. एवढ्या अवधीत तिने केलेला प्रवास आम्हांस मननीय वाटतो. कारण त्या वाटेवर एकच प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिला आहे. एखाद्या जीवाविषयी आपणांस जे जाणून घ्यावयाचे असते त्याची किंमत कोणी द्यावयाची? जाणून घेणाऱ्याने, की त्या जीवाने?

हे पक्षी कोणते ते आधी सांगितले पाहिजे. टिटवी आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्याच गोतावळ्यात चिखल्या, तुतवार, लांब वाकड्या चोचीचा कुरल, लांब तांबड्या पायांचा शेकाट्या आणि शिंपले उघडून खाणारा कालवफोड्या हे येतात. यांतले बहुतेक आपल्याकडचे पाहुणे. पावसाळा सरता सरता ते उत्तरेकडून येतात, कोकणच्या खाड्यांतून आणि देशावरच्या तलावांकाठी हिवाळा काढतात, आणि चैत्र-वैशाखात परत जातात. त्यांचे छायाचित्र घेणे अवघड का, हेही ध्यानात घ्यावे. झाडावरच्या पक्ष्याला पानांचा आडोसा असतो, तसा तो पाहणाऱ्यालाही मिळतो. ओहोटीच्या चिखलावर आडोसा कोणालाच नाही. तेथे माणूस दूरवरून दिसतो, आणि त्याने आणखी चार पावले टाकताच अवघा थवा उडून जातो.

कॅमेऱ्याच्या आधी या अंतरावर एकच उपाय होता, तो म्हणजे बंदूक. एकोणिसाव्या शतकातील पक्षिशास्त्र पुष्कळ अंशी बंदुकीच्या आधारे उभे राहिले. पक्षी मारावा, सोलावा, कातडे पेंढा भरून ठेवावे, मापे घ्यावीत, असा तो क्रम. या क्रमाने ज्ञान वाढले हे नाकारता येत नाही. आजही मोठमोठ्या संग्रहालयांतील ती कातडी अभ्यासकांच्या उपयोगी पडतात. पण त्या कातड्यावरून पक्षी चालतो कसा, अंड्यांवर बसतो कसा, पिलांना हाक कशी मारतो, हे काही कळत नव्हते. शिवाय शास्त्रज्ञाच्या बंदुकीमागे बाजाराची बंदूक होती, आणि तिची भूक फार मोठी होती. अमेरिकेत कुरलांचे आणि चिखल्यांचे थवेच्या थवे मारून बाजारात विकले जात.

बंदुकीतून कॅमेरा निघाला, असे एका अर्थी म्हणता येईल. इ. स. १८८२ मध्ये एत्येन-झ्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने बंदुकीच्याच आकाराचा एक कॅमेरा तयार केला. तो खांद्याला लावावयाचा, नेम धरावयाचा, घोडा ओढावयाचा. पण नळीतून गोळी सुटण्याऐवजी प्रकाश आत येई आणि फिरत्या काचेवर एका सेकंदात बारा चित्रे उमटत. मारे याला पंखांची गती समजून घ्यावयाची होती. त्यासाठी तो नेपल्सच्या किनाऱ्यावर उडत्या कुरव पक्ष्यांवर ही बंदूक रोखीत उभा राही. नेम धरतो पण पक्षी कधी पाडीत नाही, म्हणून आसपासचे लोक त्याला वेडा म्हणत, असे सांगतात.

पण मारे याची चित्रे चिमुकली होती. त्यांतून गतीचे गणित मिळाले, पक्ष्याचे जीवन मिळाले नाही. ते मिळविण्यासाठी पक्ष्याच्या जवळ जावे लागणार होते. त्या काळी कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, तिवई आणि काचेच्या पट्ट्या. एक चित्र घेतले की पट्टी बदलावयाची. दूरचे जवळ आणणारी भिंगे नुकतीच बाजारात येत होती. म्हणून पक्षी काही हातांवर असल्याखेरीज चित्र येणे नाही. मोकळ्या माळावर वा वाळूवर पक्षी इतक्या जवळ, आणि तोही ठरल्या जागी, येईल असे ठिकाण एकच, ते म्हणजे त्याचे घरटे. पहिल्या पिढीचे छायाचित्रकार घरट्याकडे वळले ते या यांत्रिक अडचणीमुळे. पुढचा सगळा गुंता येथेच सुरू झाला.

१८९५ साली लंडनच्या रॉयल फोटोग्राफिक सोसायटीने आर. बी. लॉज या इंग्रज छायाचित्रकाराला पदक दिले. निसर्गाच्या छायाचित्रणासाठी त्या संस्थेने दिलेले हे पहिलेच पदक होय. चित्र कशाचे होते? अंड्यांवर बसलेल्या टिटवीचे. आपल्याकडची लाल गलोलीची टिटवी ती नव्हे, तर डोक्यावर तुरा असलेली तिची युरोपीय बहीण. लॉज यांनी पुढे पक्ष्याकडूनच त्याचे चित्र काढवून घेण्याची युक्तीही योजली. विजेची तार अशी ठेवावयाची की पक्ष्याचा धक्का लागताच कॅमेऱ्याची झडप उघडावी.

टिटवीचे नाव निघाले की आपणांस पंचतंत्रातील टिट्टिभाचे जोडपे आठवते. समुद्राने त्यांची अंडी नेली आणि त्या इवल्या पक्ष्यांनी समुद्राशी वैर मांडले. विलायतेतील टिटवीची अंडी समुद्र नव्हे तर माणूस नेत होता. ती खावयास रुचकर म्हणून लंडनच्या बाजारात विकली जात, आणि ती विक्री थांबविण्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटला १९२८ मध्ये खास कायदा करावा लागला. असल्या काळात अंडी जागच्या जागी ठेवून केवळ त्यांचे चित्र घरी न्यावे, ही कल्पना किती नवी होती ते लक्षात यावे.

ही कल्पना लोकांत रुजविली ती रिचर्ड आणि चेरी कीर्टन या यॉर्कशरच्या दोघा भावांनी. चेरीने १८९२ मध्ये अंड्यांसह एका घरट्याचे छायाचित्र घेतले, आणि १८९५ मध्ये दोघांचे पक्ष्यांच्या घरट्यांवरचे पुस्तक निघाले. त्यातील चित्रे हाताने काढलेली नव्हती, सगळी छायाचित्रे होती. पक्ष्याला संशय येऊ नये म्हणून या भावांनी काय काय केले ते ऐकून आज हसू येते. १९०० साली त्यांनी बैलाचे कातडे आतून पोकळ राहील असे मढविले. आत एक भाऊ कॅमेरा घेऊन उभा राही. एकदा आत उभा असलेला रिचर्ड घेरी येऊन पडला आणि बैल चारी पाय वर करून उलटला. चेरीने आधी त्याचे छायाचित्र घेतले आणि मग भावाला बाहेर काढले, असे म्हणतात.

या खटाटोपातून एक साधे तत्त्व हाती आले. पक्षी वस्तूला भीत नाही, बदलाला आणि माणसाच्या आकृतीला भितो. म्हणून कापडाचा लहानसा तंबू घरट्यापासून दूर उभा करावा, रोज थोडाथोडा पुढे सरकवावा, आणि पक्षी त्याला सरावला म्हणजेच आत बसावे. आत जाताना दोघांनी जावे आणि एकाने परत फिरावे. जाणारा माणूस पक्ष्याला दिसतो, आणि दोन गेले व एकच परतला हा हिशेब त्याला सहसा येत नाही. मग आतल्या माणसाने तासन् तास हालचाल न करता बसावे. या आडोशाने छायाचित्रकाराला दृष्टीआड केले, आणि पक्षी प्रथमच आपल्या घरी एकटा असल्यासारखा वागू लागला.

याच पद्धतीच्या बळावर एक बाई सैबेरियाच्या टोकाला गेली. त्यांचे नाव मॉड हॅविलँड. मारिया चाप्लिका या पोलिश मानववंशशास्त्रज्ञ विदुषीच्या मोहिमेबरोबर त्या १९१४ च्या उन्हाळ्यात येनिसेई नदीने उत्तरेकडे, नदीच्या मुखाजवळील गोल्चिखा या वस्तीपर्यंत गेल्या. त्याच उन्हाळ्यात युरोपात महायुद्ध पेटले. हॅविलँडबाई मात्र टुंड्राच्या दलदलीत डासांच्या ढगांखाली तुतवारांची घरटी शोधीत होत्या. वाकड्या चोचीचा तुतवार, ज्याला इंग्रजीत कर्ल्यू सँडपायपर म्हणतात, त्याची अंडी शास्त्राच्या हाती प्रथम आली ती १८९७ मध्ये, याच येनिसेईच्या मुखाशी पॉपम नावाच्या संग्राहकाला सापडली तेव्हा. हॅविलँडबाईंनी त्या पक्ष्याचे आणि चिमणीएवढ्या लहान तुतवाराचे घरट्यावरचे वागणे जवळून पाहिले, कॅमेऱ्याने टिपले आणि १९१५ मध्ये प्रवासाचे पुस्तक लिहिले. महाराष्ट्राचा या हकिकतीशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की हे दोन्ही पक्षी हिवाळ्यात आपल्या खाड्यांच्या चिखलावर हजारोंनी चरतात. आपल्याकडे ते मुके, करड्या रंगाचे, सगळे सारखे दिसतात. त्यांचे घर कसे असते, तेथे त्यांचा रंग कसा पालटतो, हे जगाला दाखविणाऱ्या पहिल्या माणसांत हॅविलँडबाई होत.

येथपर्यंत ही कथा बंदुकीवर कॅमेऱ्याने मिळविलेल्या विजयाची वाटेल. तशी ती सांगण्याचा प्रघातही आहे. पण आमच्या मते तेवढ्यावर थांबणे म्हणजे अर्धेच सांगणे होय. घरट्याचे छायाचित्र निरुपद्रवी असते ही समजूत हळूहळू ढासळली. चित्र स्पष्ट यावे म्हणून घरट्याभोवतीचे गवत दूर करीत. तेवढ्याने कावळ्याला आणि कोल्ह्याला वाट सापडे. माणसाच्या पावलांमागून शिकारी जनावर येई. घाईने लावलेल्या आडोशामुळे पक्षी घरटे टाकून जाई. एकाने काळजी घेतली तरी त्याचे चित्र पाहून मागून येणारे दहाजण ती घेतीलच असे नाही.

आपल्या देशात हा धोका आणखी मोठा आहे. विलायतेत पक्षी अंड्यांवरून उठला तर अंडी गार होण्याची भीती. आपल्याकडे चैत्र-वैशाखात उघड्या वाळूवर घातलेली टिटवीची किंवा सुरय पक्ष्याची अंडी उन्हाने तापण्याची भीती असते. भर दुपारी टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब देण्यासाठी नव्हे, सावली धरण्यासाठी. ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून येते आणि त्या ओलाव्याने अंडी थंड ठेवते. अशा वेळी छायाचित्रकाराने तिला थोडा वेळ जरी दूर ठेवले तरी आतील जीव शिजून जाऊ शकतो. विलायती पुस्तकांत वाचलेली रीत येथे जशीच्या तशी उचलता येत नाही ती यामुळे.

भारतात हे काम मन लावून करणाऱ्यांत रेल्वेच्या नोकरीत असलेले ई. एच. एन. लोथर हे अग्रेसर. त्यांचे हिंदुस्थानातील पक्षिछायाचित्रणावरचे पुस्तक १९४९ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसरे नाव लोक वान थो यांचे. सिंगापूर जपान्यांच्या हाती पडण्याच्या सुमारास तेथून निसटलेला हा धनिक तरुण भारतात आला, मुंबईत सलीम अली यांच्या सहवासात आला, आणि त्यांच्या मोहिमांत कॅमेरा घेऊन हिंडला. त्याचे पुस्तक १९५७ चे. दोघांचीही थोरवी चित्रांइतकीच त्यांनी घेतलेल्या वेळात आहे. पक्षी निर्धास्त होईपर्यंत थांबणे हा त्या काळच्या कामाचा मोठा भाग होता.

पुढे कायद्यानेही या गोष्टीची दखल घेतली. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्यान्वये विशेष संरक्षण असलेल्या पक्ष्याला घरट्यावर त्रास होईल असे छायाचित्रण परवान्यावाचून करता येत नाही. आपला १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तर एका शब्दात निकाल देतो. त्यात शिकार या शब्दाची जी व्याख्या आहे तिच्यात पक्ष्यांची अंडी फोडणे तर येतेच, पण अंड्यांना व घरट्यांना उपद्रव देणेही येते. बंदूक टाकून कॅमेरा घेतला म्हणून शिकार सुटत नाही, हे कायद्याने ओळखले आहे. ते पुष्कळ छायाचित्रकारांना अजून ठाऊक नाही.

मग घरटे वर्ज्य केल्यावर किनाऱ्यावरच्या पक्ष्याजवळ जावयाचे कसे? याचे उत्तर समुद्रानेच दिले. भरती चढू लागली की चिखल बुडतो, आणि त्यावर पसरलेले पक्षी मागे सरत सरत उरलेल्या उंच जागेवर गोळा होतात. पाणी उतरेपर्यंत ते तेथे एका पायावर, चोच पिसांत खुपसून विसावतात. इंग्लंडमध्ये डी नदीच्या मुखाशी हिल्ब्रे नावाचे बेट आहे. तेथे एरिक हॉस्किंग या नामवंत छायाचित्रकाराने आडोशात बसून अशा विसावलेल्या थव्यांची जी चित्रे घेतली ती फार गाजली. रीत उलटी होती. पक्ष्याकडे जावयाचे नाही. पक्षी येण्याच्या कितीतरी आधी आपण जाऊन बसावयाचे, पाण्याने पक्षी आणून द्यावयाचे, आणि पाणी उतरून ते पांगल्यावरच आपण उठावयाचे.

ही विद्या कोकणच्या कोळ्याला नवी नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते, हा त्याचा पिढीजात हिशेब. अष्टमीला सहाच्या सुमारास, पुनवेला साडेअकराच्या आतबाहेर. उधाणाच्या दिवसांत पाणी कोठवर चढते आणि भांगाच्या दिवसांत कोठे थांबते हे त्याला पायाखालच्या वाटेसारखे माहीत असते. चांगल्या भिंगावर पैसा घालण्यापूर्वी हा हिशेब शिकावा, असे आम्ही नवशिक्यांस सुचवू.

आता या इतिहासातील दोन दुःखद प्रकरणे सांगितली पाहिजेत. उत्तर अमेरिकेत एस्किमो कुरल नावाचा पक्षी होता. एके काळी त्याचे थवे आकाश व्यापून जात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाजारासाठी त्याची अपरिमित हत्या झाली. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या रक्षणाचा अमेरिकन कायदा १९१८ मध्ये आला, तेव्हा या पक्ष्याच्या बाबतीत उशीर झालेला होता. १९६२ च्या वसंतात टेक्सासच्या गॅल्व्हेस्टन बेटावर डॉन ब्लाइट्झ यांनी त्याची छायाचित्रे घेतली. जिवंत एस्किमो कुरलाची तेवढीच छायाचित्रे जगाजवळ आहेत. पुढच्याच वर्षी बार्बाडोस बेटावर एक पक्षी गोळीने मारला गेला. त्यानंतर त्याच्या अस्तित्वाचा पक्का पुरावा मिळालेला नाही.

दुसरा बारीक चोचीचा कुरल. सैबेरियात तारा या गावाच्या परिसरात, विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागात, उशाकोव्ह यांनी त्याची घरटी पाहिली. त्यानंतर ती कोणालाच सापडली नाहीत. हिवाळ्यात तो भूमध्यसमुद्राच्या आसपास येई. मोरोक्कोतील मेर्जा झेर्गा या खाजणात १९९५ च्या फेब्रुवारीत तो शेवटचा निर्विवादपणे दिसला. तेथे त्याची छायाचित्रेही घेतली गेली. तीस वर्षांच्या शोधानंतर, २०२५ च्या ऑक्टोबरात, तो नामशेष झाल्याचे आंतरराष्ट्रीय यादीत जाहीर झाले.

या दोन्ही पक्ष्यांची चित्रे कोणी चोरून वा छळून घेतलेली नाहीत. तरीही ती पाहताना मन विषण्ण होते. छायाचित्र पुरावा देऊ शकते, पण पक्ष्याच्या जागी उभे राहू शकत नाही. दलदल आटली, चिखल भरावाखाली गेला, वाटेवर बंदुका रोखल्या गेल्या, म्हणजे उत्तम चित्र हे केवळ मृत्यूच्या नोंदीचे काम करते.

पण पुरावा वेळेवर मिळाला तर तो कामी येतो, याचेही उदाहरण आहे. दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडे रिओ ग्रान्दे येथे १९९५ मध्ये रेड नॉट जातीच्या एका पक्ष्याच्या पायात कडे अडकविण्यात आले. पुढे त्याच्या पायावरच्या नारिंगी निशाणीवर बी-९५ ही अक्षरे होती. हा पक्षी दरवर्षी कॅनडाच्या उत्तरेकडे जाई आणि परत येई. दुर्बिणीतून आणि छायाचित्रांतून ती अक्षरे वाचून लोक त्याची हजेरी मांडीत. २०१४ मध्येही तो दिसला होता. त्याची एकूण उड्डाणे मोजली तर पृथ्वीपासून चंद्रापर्यंतचे अंतर त्याने केव्हाच ओलांडले होते. ही अक्षरे वाचण्यासाठी त्याला पुन्हा पकडावे लागले नाही. कॅमेऱ्याने बंदुकीची जागा खऱ्या अर्थाने घेतली ती येथे, असे आम्हांस वाटते.

आज कॅमेरा स्वस्त झाला आहे. एका सेकंदात मारे याच्या बंदुकीहून अधिक चित्रे घेणारे यंत्र महाविद्यालयीन मुलांच्या हातात आहे. काचेच्या पट्टीची अडचण संपली आणि तिच्याबरोबर थांबून राहण्याची सक्तीही संपली. ठाण्याच्या खाडीत हिवाळ्यात रोहित पक्षी आणि तुतवार पाहावयास माणसांची रीघ लागते. २०१५ मध्ये तेथे अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये रामसर यादीत त्याचा समावेश झाला. लोक तेथे जातात याचा आम्हांस आनंदच आहे. जे पाहिले नाही त्याच्या रक्षणासाठी कोणी भांडत नाही. पण उडत्या थव्याचे चित्र हवे म्हणून चरणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावर होडी घालणे, टाळ्या वाजविणे, खडा फेकणे, हेही कोठे कोठे घडते. सैबेरियापर्यंतच्या वाटेचे इंधन हा पक्षी दोन भरतींच्या मधल्या काही तासांत या चिखलातून वेचीत असतो. ज्या वेळी त्याने चरावयाचे त्या वेळी त्याला उडावयास लावणे म्हणजे त्या शिदोरीतून घास काढून घेणे होय. तो येथे मरून पडत नाही, म्हणून आपल्याला आपले कृत्य दिसत नाही. घास कमी पडल्याचा परिणाम हजारो कोसांवर, वाटेत कोठे तरी होतो.

लॉजपासून हॉस्किंगपर्यंतच्या माणसांनी हळूहळू शिकलेला धडा एवढाच आहे. त्यांच्यापाशी यंत्र कमी प्रतीचे होते आणि वेळ पुष्कळ होता. आपल्यापाशी उत्कृष्ट यंत्र आहे, तेव्हा वेळ देणे आणि अंतर राखणे आपल्याला त्यांच्याहून सोपे जावयास हवे. चित्र चांगले आले की नाही हे ठरविण्याची एक कसोटी आम्ही आपल्यापुढे ठेवतो. आपण येण्यापूर्वी पक्षी जे करीत होता ते आपण निघून गेल्यावरही तो तेथेच करीत राहिला, तर चित्र चांगले आले असे समजावे. मग ते थोडे अस्पष्ट असले तरी चालेल.